पाटीवर आडनाव नसलेली दुकानं

मागच्या शनिवार-रविवारी आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि बारावीतली लेक, सासवडहून पुण्याला गेलो होतो. कामं नेहमीचीच. गाडीचं सर्व्हिसिंग, माझ्या चपला, लेकीची पुस्तकं आणि आक्काकडे एक मुक्काम. फक्त या वेळी एक ठरवून निघालो होतो. दोन दिवसांत जो काही खर्च होईल तो शक्यतो दलित माणसाच्या दुकानात, गॅरेजात, खानावळीत करायचा.

खूळ लेकीचं. तिनं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. अमेरिकेतलं एक कुटुंब सुट्टीला गाडी काढून एका छोट्या शहरात जातं आणि फक्त कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या दुकानांत खातं-पितं, खरेदी करतं. तिकडे या गोष्टीला जुना इतिहास आहे. १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ग्रीन या टपालखात्यातल्या माणसानं ‘ग्रीन बुक’ काढलं. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठं जेवण मिळेल, कुठं झोपायला खोली मिळेल, कुठं अपमान होणार नाही, याची यादी. ती तीसेक वर्षं निघत होती. आता तर २०२० पासून गूगलवरच दुकानदार स्वतःहून लिहू शकतो की हे दुकान कृष्णवर्णीयाच्या मालकीचं आहे.

“बाबा, आपल्याकडं असं करता येईल?” 

“येईल की,” मी म्हणालो. वीस वर्षं बातमीदारी केलीय, चार पत्ते काढायला काय लागतं?

दोन आठवडे लागले.

खरं तर पुण्यात हे सोपं असायला हवं होतं. दलित उद्योजकांची संघटना, डिक्की, मिलिंद कांबळेंनी २००५ मध्ये याच शहरात सुरू केली. ‘नोकऱ्या मागणारे नाही, नोकऱ्या देणारे व्हा’ ही तिची भाषा. २०१० साली त्यांनी पुण्यात उद्योगांचं प्रदर्शन भरवलं. २०१३ मध्ये कांबळेंना पद्मश्री मिळाली. पण यातले पुष्कळ लोक कंत्राटदार नाहीतर कारखानदार. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या कंपन्या आणि सरकार. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात तर सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या छोट्या उद्योजकांकडून घ्यावा असं लिहिलेलं आहे. सरकारनं कुणाकडून घ्यायचं ते कागदावर आहे. मी शनिवारी चप्पल कुणाकडून घ्यायची ते कुठंच नाही.

शेवटी चळवळीत काम करणाऱ्या एका जुन्या मित्राला फोन लावला. आम्ही रानडेत डिप्लोमाला एकत्र होतो. तो आधी हसला. “यादी आहे, पण डोक्यात आहे. लिहून द्यायचो नाही.” चार पत्ते तोंडी सांगितले.

पहिलं गॅरेज, येरवड्याच्या बाजूला. बाहेर पाटीवर एका देवाचं नाव, आत केबिनमध्ये टेबलाच्या मागं बाबासाहेब आणि बुद्ध. काम चोख. जुना पार्ट दाखवून मग नवा बसवला, बिलात एक रुपया इकडं-तिकडं नाही. मालक माझ्याच वयाचे, आयटीआय केलेले. मित्राचं नाव सांगितल्यावर मोकळे झाले. पाटीचं विचारलं तर म्हणाले, “गिऱ्हाईक येतं पाटी बघून आणि परत येतं काम बघून. मधल्या मधी आडनाव आलं नाही म्हणजे बास.” एवढं बोलून ते दुसऱ्या गाडीखाली गेले.

चपलांच्या दुकानात उलटं. तिथं लपवायचं काही नव्हतं, कारण ती जागा समाजानं आधीच नेमून दिलेली. दुकानदार मूळचे कोल्हापूरकडचे. त्यांच्याशी बोलणं अर्थातच प्राडावर गेलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये त्या कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि मूळ कारागिरांचं नावही घेतलं नाही. इकडं बोंब झाल्यावर मग मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. “साहेब, त्या लोकांनी निदान चप्पल डोक्यावर तरी घेतली,” दुकानदार म्हणाले. “आपली माणसं चप्पल कौतुकानं घालतात आणि बनवणाऱ्याला पायरीवरच ठेवतात.” त्यांचा मुलगा बँकेच्या परीक्षा देतोय. धंद्यात यायचं नाही म्हणतो.

पुस्तकांत लेकीनं सुगावा प्रकाशनाची तीन घेतली, मीच सुचवलेली. डिप्लोमाच्या वर्षांत सदाशिव पेठेतल्या सुगावात मी तासन् तास बसलोय. विलास वाघ सर २०२१ मध्ये गेले. ऐन सदाशिव पेठेत फुले-आंबेडकरांची पुस्तकं पाटी लावून विकणं ही साधी गोष्ट नव्हती. पण ते चळवळीचं दुकान होतं. तिथं येणारा माणूस पाटी वाचूनच आत यायचा. धंद्याचं दुकान वेगळं.

ते वेगळेपण कळलं चौथ्या पत्त्यावर. एक ताई डबे देतात. कुठल्या भागात ते लिहीत नाही, आणि ओळख पटेल असं जे काही होतं ते बदललंय किंवा गाळलंय. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत ओटा वाढवून घेतलेला, हाताखाली दोन बायका. रोज साठ डबे. आम्ही शनिवारी संध्याकाळी गेलो तेव्हा भाकरी थापणं चालू होतं. तिथंच बसून जेवलो. वांग्याची भाजी, आमटी, ज्वारीची भाकरी, खर्डा. बायकोनं आमटीत काय घातलंय ते दोनदा विचारलं. घरी ती असं कुणाला विचारत नाही.

मी फोटो काढायला मोबाइल काढला आणि ताईंचा हात थांबला.

“दादा, फेसबुकवर टाकणार का?”

“चांगलंच लिहीन, ताई.”

“चांगलंच लिहाल हो. पण काय लिहाल? दलित बाईचा डबा म्हणूनच ना?”

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलला त्यांनी व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं. मुलगी निळा फेटा बांधून मिरवणुकीत, एवढंच. त्या आठवड्यात एकाच सोसायटीतले पाच डबे बंद झाले. कुणी काही बोललं नाही. एकीनं गावाहून सासूबाई आल्याचं सांगितलं, एकीनं आता घरीच करतो म्हणून, बाकीच्यांनी नुसतंच ‘उद्यापासून नको’. “आता याची तक्रार कुठं करणार? स्वयंपाक घरी करणं काय गुन्हा आहे?” तेव्हापासून स्टेटस ठेवताना त्या गिऱ्हाइकांचे नंबर एक-एक करून वगळतात. त्यात अर्धा तास जातो म्हणाल्या आणि हसल्या.

२०१७ चं प्रकरण त्यांनीच काढलं. पुण्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी, सोवळ्याच्या स्वयंपाकाला आलेल्या बाईनं जात लपवली म्हणून सिंहगड रोड पोलिसांत तक्रार दिली होती. ते पेपरात आपण सगळ्यांनी वाचलंय. “ती बाई मराठा होती, दादा. तिच्यावर केस होते, तर मी कोण?”

मी मोबाइल खिशात ठेवला. लेकीचा चेहरा उतरला होता. तिच्या डोक्यात यादी होती, नकाशा होता, बहुतेक रीलही होतं. अमेरिकेतली पाटी गिऱ्हाईक आणते. इथली पाटी गिऱ्हाईक घालवते. आणि पाटी नाही म्हटल्यावर विचारावं लागणार, आणि जात विचारणं हेच तर सगळ्या दुखण्याचं मूळ. चांगल्या हेतूनं विचारलं तरी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच.

आक्कासाठी भाजी-भाकरी बांधून घेतली आणि निघालो. गाडीत लेकीला गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगितली. गंगाराम शाहू महाराजांच्या पागेत चाकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी त्यांना पैसे देऊन कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिलं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. मालक कोण हे सगळ्या गावाला ठाऊक, त्यामुळं चहा प्यायला कुणी येईना. मग महाराज स्वतःची गाडी तिथं थांबवायचे, चहा मागवायचे, प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांना पाजायचे. “म्हणजे नाव कुणाचं पणाला लागलं? गंगारामांचं नाही, महाराजांचं,” मी लेकीला म्हणालो. सांगताना मला फार छान वाटत होतं.

आक्काकडे पोचलो, पानं मांडली. आक्कानं दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिचे गुडघे दुखतात, मुलं परदेशी, दोघांपुरता स्वयंपाक तिला जड झालाय. “कुठनं आणलंस रे? डबा देतात का? नंबर दे की.” मी नंबर दिला. तिनं तो सेव्ह केला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “आपल्यातल्याच आहेत ना?”

मी म्हणालो, “चांगल्या आहेत. स्वच्छता आहे.”

बायको भांडी उचलायला लागली. लेक माझ्याकडं बघत होती.

आम्ही माळी. आमच्या सासवडच्या घरात बैठकीत जोतीराव-सावित्रीबाईंचा फोटो आहे, आजोबांच्या काळापासून. खानवडी, फुल्यांच्या घराण्याचं गाव, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि त्याच घराच्या गोठ्यात, कोनाड्यात, कान तुटलेला एक कप असायचा. अंजिराच्या बागेत कामाला येणाऱ्यांचा. तो धुवून परत कोनाड्यात ठेवायचं काम आक्काचं आणि माझं, पाळीपाळीनं. याबद्दल आम्ही दोघं आजवर कधी एक शब्द बोललेलो नाही.

रविवारी संध्याकाळी दिवे घाट चढताना लेक म्हणाली, “तुम्ही आत्याला का नाही सांगितलं?”

“ताईंनी नको म्हटलं होतं ना.”

“त्यांनी फेसबुकवर नको म्हटलं होतं.”

घाटात ट्रॅफिक होतं, त्यामुळं मला गाडीकडं लक्ष द्यावं लागलं.

सोमवारपासून आक्काचा डबा सुरू झाला. मंगळवारी मी ताईंना फोन केला. बहिणीला सांगू का विचारलं. त्या जरा थांबल्या. “सांगा, तुमची बहीण आहे. एक डबा गेला तर गेला. पण सोसायटीत दुसऱ्या कुणाला नको.” मग आक्काला फोन लावला आणि सगळं सांगितलं. कपाचंही बोललो. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही, मागं टीव्ही चालू होता. मग म्हणाली, “हे मला त्या दिवशीच सांगायचंस. जेवायच्या आधी.” मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर जेवली असतीस? “ते मला कसं माहीत असणार,” म्हणाली. हे लिहू का म्हणून विचारलं, तर “लिही, तुला कोण अडवणार.”

तिनं पैसे महिनाअखेरपर्यंतचे भरलेत. डबा रोज जातोय, रिकामा होऊन परत येतोय, एवढं ताईंकडून कळतं. पुढच्या महिन्याचं आक्कानं अजून काही सांगितलेलं नाही.