कणकेची कुटी

नाताळच्या दिवसांत जर्मनीत आलं, दालचिनी, लवंग घातलेल्या कणकेची घरं भाजतात. भिंती, छप्पर, चिमणी, सगळं खायचं, जोडकाम साखरेचं. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या संग्रहात हान्सेल-ग्रेटेल या भावंडांना जंगलात जे घर दिसतं, ते पावाचं आहे. त्याचं छप्पर केकचं, खिडक्या साखरेच्या. मुलांनी ती गोष्ट वाचली आणि थंडीच्या सुट्टीत तसं घर करायचा हट्ट धरला.

खालाजान म्हणाल्या, "सण त्यांचा. आपल्या घरात कशाला?" प्रश्न रास्त होता. मसाले आपल्याच मुलखातून तिकडे गेले, हे उत्तर त्यांना पुरलं नसतं. पण ईदच्या आधी नानखटाईचे पत्रे बेकरीच्या भट्टीवर पाठवण्यात त्यांची हयात गेलेली. भाजण्याच्या कामाला त्या नाही म्हणणं कठीणच. शेवटी त्यांनीच अट घातली : घर करा, पण इथलं करा.

म्हणून आम्ही हिंगणघाटहून एसटीनं वर्ध्याला आणि तिथून आठेक किलोमीटरवर सेवाग्रामला गेलो. गांधीजी 1936 साली इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापूकुटी मुळात मीराबहेनची. मातीच्या भिंती, लाकूड-बांबू, वर कवेलू. भिंतीवर मीराबहेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं, मोर आणि चरखा आहेत. मुलगी मोरासमोर वही घेऊन बसली ती उठेचना. मुलगा छपराचा उतार पाहत होता. ओसरीवर कवेलू इतके खाली का आलेत, असं त्यानं विचारलं. पावसापासून मातीची भिंत वाचवायला, हे त्याचं त्यालाच सुचलं.

बी.एड.ला आम्ही 'वर्धा योजना' परीक्षेपुरती पाठ केली होती. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवायचा आराखडा करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झाले तेच. आपल्या उर्दू शाळांतून हे नाव फोटोपुरतं उरलंय, याचं वाईट वाटतं.

परतताना वर्ध्याचा गोरसपाक घेतला. घरी पुठ्ठ्यावर मापं काढली. छपराचा कोन मुलानं कंपासपेटी उघडून काढला; हाच मुलगा भूमितीच्या तासाला पोटदुखी सांगतो. कणकेत गूळ, सुंठ, दालचिनी खालाजाननी अंदाजानंच घातली. मापाचा चमचा त्यांनी बाजूला सारला. भिंती जोडायला गुळाचा कडक पाक. तो हाताला चटका देतो, म्हणून ते काम आम्ही मोठ्यांनी केलं. कवेलूंसाठी गोरसपाकाचे तुकडे रचले. मोर कोंबडीसारखा दिसत होता, पण तसं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

दोन दिवस घर दस्तरखानावर होतं, शेजारपाजारचे पाहून गेले. तिसऱ्या दिवशी बिस्मिल्ला म्हणून छपरापासून सुरुवात झाली. भिंती फार कडक झाल्या होत्या, त्या चहात बुडवाव्या लागल्या. मोर खालाजाननी मुलीसाठी डब्यात काढून ठेवलाय.