गोडावर गोड

कोकणातल्या आमच्या घरी जेवण ताकभाताने संपते. जिलबी असो वा श्रीखंड, त्याचा मान पानाच्या मध्यावर. शेवटी ताक हवेच. गोडाने जेवण संपवणारी माणसे त्यामुळे मला उगाचच उधळी वाटत आली. आणि त्या गोडावर पुन्हा गोड मद्य घेणारी? त्यांचे तर आमच्या घरी नावही निघाले नसते!

असे एक बिऱ्हाड मला सासष्टीत भेटले. यजमान निवृत्त मास्तर. एकेकाळी आम्ही एकाच शाळेत शिकवीत होतो. २०१९ च्या नाताळात त्यांच्याकडे जेवायला गेलो. जेवणानंतर बशीत बेबिंका आली. नारळाचा रस, अंड्यांचे बलक, साखर, थोडा मैदा. तुपाचा हात देऊन एक थर भाजायचा, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. अर्धा दिवस विस्तवापुढे बसण्याची तयारी असल्याखेरीज या पदार्थाच्या वाटेला जाऊ नये. बशीशेजारी एवढ्याशा पेल्यात तपकिरी पोर्ट वाइन होती.

"गोडावर गोड कसे चालते?" मी विचारले.

"लाडू खाऊन चहा प्यालात तर चहा कसा लागतो?"

"अगोड."

"मग! साधी वाइन बेबिंकेपुढे आंबट होते. ही तिच्या तोडीस तोड गोड, म्हणून टिकते."

मास्तरांचा धडा एकदा सुरू झाला की घंटा झाल्यावरही थांबत नसे. पोर्तुगालच्या उत्तरेला दोरू नदीच्या उतारांवर ही द्राक्षे होतात. त्या मुलखाची हद्द पोंबालने १७५६ मध्येच आखून दिली. रस आंबू लागला की अर्ध्या वाटेवर त्यात द्राक्षांचाच कडक मद्यार्क ओततात, चार भागांना साधारण एक भाग. त्याने किण्व मरते आणि दारू व्हायची राहिलेली साखर तशीच उरते. मद्याचे प्रमाण मात्र शेकडा २० च्या आसपास जाते, म्हणून पेला लहान! पुढे लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे राहून तांबडा रंग तपकिरी होतो आणि अंजिराची, अक्रोडाची चव चढते. (गोव्यात पोर्ट म्हणून जी स्वस्त, गोड, स्थानिक वाइन मिळते ती ही नव्हे. मास्तर तिचे नाव निघाले की नुसती मान हलवीत.)

मी घोट घेतला. खरे सांगायचे तर पहिल्यांदा घसा जळला. दुसऱ्या घोटाला जायफळ, भाजलेले तूप आणि ती वाइन अशी एकमेकांत मिसळली की कोणाची चव कुठे संपते ते कळेना.

बाटली लिस्बनहून मुलाने आणली होती. तो आईवडिलांना न्यायला आला होता. घर विकले गेले होते. ज्या टेबलाशी आम्ही बसलो होतो ते दारातून बाहेर निघत नव्हते, म्हणून तेही घराबरोबरच द्यायचे ठरले होते. हे सगळे बाईंनी बेबिंकेचा दुसरा तुकडा वाढता वाढता सांगितले, बाजारभाव सांगावा तसे.

मास्तरांनी बाटली दिव्यापुढे धरली.

"उघडल्यावर महिनाभर राहते ही. जानेवारीअखेर निघायचे. मधे रविवार पाच." मग बोटाने काचेवर खुणा करीत म्हणाले, "पुरेल. येत जा तुम्ही."

मी पाचही रविवार गेलो. एरवी जेवण होताच टोपी शोधणारा मी, त्या एवढ्याशा पेल्यापायी तास-तास बसून राहिलो. घाईने पिण्याजोगी ती वस्तूच नव्हे. जुने विद्यार्थी निघाले, फणसाच्या झाडावरून शेजाऱ्यांशी झालेले भांडण निघाले. लिस्बनचा विषय मात्र कोणी काढला नाही.

शेवटच्या रविवारी बेबिंका नव्हती. बाईंनी दुकानातले खजूर ठेवले होते. पेले खोक्यांत गेले होते, म्हणून पोर्ट आम्ही चहाच्या कपांतून घेतली.