एक कोयता, दोन माणसे

दसरा ओसरला की आमच्या बोदवडच्या बाजारपेठेत दोन गोष्टी एकाच वेळी घडू लागतात. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या लागतात, आणि किराणा व कापड दुकानांतील जुन्या उधाऱ्या अनपेक्षितपणे वसूल होऊ लागतात. पहिल्या गोष्टीचे कारण सर्वांना ठाऊक असते. दुसरीचे कारण पेढीवर बसणाऱ्याला ठाऊक असते, पण तो ते क्वचितच बोलून दाखवतो. आसपासच्या तांड्यांवर ऊसतोडीची उचल वाटली गेलेली असते. हाती आलेल्या त्या रकमेतून आधी दुकानदाराची बाकी फिटते, मग पाच-सहा महिन्यांचा बाजरी-ज्वारीचा, तेल-मिठाचा भरणा होतो, आणि दिवाळीच्या मागेपुढे संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो.

या व्यवहारात माणसे मोजण्याचे माप आहे ‘कोयता’. कोयता म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार, हे झाले शब्दकोशातले. मुकादमाच्या वहीत मात्र एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने पाचट काढून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, आणि फडाजवळ उभारलेल्या कोपीत स्वयंपाकही करायचा. सव्वीस-सत्तावीस वर्षे बँकेत मी नाना प्रकारची खाती पाहिली, एकल, संयुक्त, भागीदारीची; परंतु दोन जिवंत माणसांची एका लोखंडी पात्याच्या नावाने नोंद होते, असे खाते अन्यत्र पाहिले नाही.

हा विषय आज मनात घोळण्याचे निमित्त अगदी वेगळे आहे. आमच्या निवृत्त मित्रमंडळात सध्या कॅरव्हॅनची चर्चा असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून ‘चाकांवरचे घर’ हा शब्दप्रयोग आमच्याकडेही रुळला. मुले मार्गी लागली, गुडघे अजून चालतात, तर एखादी गाडी घेऊन वर्षभर डोंगरदऱ्या पाहत फिरावे, असा बेत चहाच्या प्रत्येक कपाबरोबर नव्याने आखला जातो. सौ. या चर्चेत एकच प्रश्न विचारतात, “आणि भांडी कोण घासणार?” त्यावर बैठक संपते.

चाकांवरचे घर प्रत्यक्षात कसे असते, हे आम्ही उभयतांनी पाहिले ते २०२३ च्या शरद ऋतूत. मुलगा अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथे संगणक क्षेत्रात नोकरीस आहे. त्याच्याकडे आम्ही दोन महिने राहिलो. रेड नदीचे ते खोरे तव्यासारखे सपाट आहे, आणि माती आपल्या तापीकाठासारखी काळीभोर. तेथे साखरेचे बीट पिकते. अमेरिकेत तयार होणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक साखर उसाची नसून या बीटाची असते, हे मला तेथे गेल्यावरच कळले. तिथला मोठा साखर उद्योगही शेतकऱ्यांच्या मालकीचा आहे. १९७३ साली बीट-उत्पादकांनी ती कंपनीच विकत घेतली. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला तोवर वीस वर्षे होऊन गेली होती. सहकाराच्या बाबतीत आपण त्यांच्या मागे नव्हतो, हे मुद्दाम नमूद करतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेच्या सुमारास बीटाची मुख्य काढणी सुरू होते. दोन-तीन आठवडे रात्रंदिवस काम चालते आणि त्यासाठी शेकडो माणसे दुरून येतात. त्यांतली कितीतरी आमच्या वयाची असतात. आपापले मोटारघर घेऊन येतात, कारखान्याने ठरवून दिलेल्या मैदानात उभे करतात, पाण्याची नळी आणि विजेची तार जोडतात, आणि बारा-बारा तासांच्या पाळीत कामाला लागतात. मुलाच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने अशाच एका दांपत्याकडे आम्ही चहाला गेलो. ते दोघे साठी ओलांडलेले. घर विकून पाच वर्षे झालेली. उन्हाळाभर ते माँटाना राज्यात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ एका तंबूस्थळाची देखभाल करतात. त्या बदल्यात गाडीला जागा मिळते, थोडे वेतन मिळते, आणि सुटीच्या दिवशी डोंगरात पायी हिंडता येते. शरदात बीट, आणि बर्फ पडण्याच्या आत दक्षिणेला ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे. दाराशी चिखलाने माखलेले त्यांचे चालण्याचे बूट ठेवले होते, दोन जोड, शेजारी शेजारी. डोंगरवाटांविषयी बोलताना त्या बाईंचा चेहरा असा खुलला की भाषा अर्धीच कळूनही आम्हांला सर्व कळले.

चहात साखर घालण्यापूर्वी सौ.नी मला हळूच विचारले, “ही साखर बीटाची ना? म्हणजे जमीनकंदाची?” मी निरुत्तर झालो. शेवटी त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला आणि यजमानांना मधुमेहाचे कारण सांगितले नाही, खरे तेच सांगितले. त्या बाईंना ते फार मोलाचे वाटले असावे, कारण मग त्यांनी आपल्या चहात काय काय चालते याची नीट चौकशी केली. वाचकांपैकी जाणकारांनी या प्रश्नावर अवश्य लिहावे.

डोंगरवाटांचा विषय निघाला तेव्हा मला चाळीसगावची शाखा आठवली. तेथे मी साडेतीन वर्षे होतो. रविवारी आम्ही दोघे पाटणादेवीला जात असू. गौताळा अभयारण्यातल्या त्या सातमाळ्याच्या कुशीत पावसाळा सरल्यावर काय शोभा असते! भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, ज्या पाटणला मठ स्थापला ते हे ठिकाण. वर चढून नागार्जुन कोठडी या जैन लेण्यापर्यंत आम्ही कित्येकदा गेलो. परतताना कन्नड घाटाच्या रस्त्यावर ऊसतोडीच्या गाड्या भेटत. ट्रॉलीवर पत्रे, बांबू, हंडे, कोंबड्यांची डाली, आणि सगळ्यांच्या वर बसलेली मुले. कार्तिकी पौर्णिमेनंतर साधू-साध्वींचा विहार सुरू होतो, त्याच दिवसांत त्याच रस्त्यांवरून हेही चाललेले असत. सौ. म्हणत, “यांचेही घर चाकांवरच आहे.” तेव्हा मी ते वाक्य कानाआड केले नव्हते, पण त्याचा पूर्ण अर्थ उमगला तो रेड नदीच्या काठी.

दोन्हीकडे साखर आहे, शरद ऋतू आहे, हलते घर आहे आणि नवरा-बायकोची जोडी आहे. मग फरक कोठे पडतो? थोडा पिकातच पडतो. बीट काढल्यावर त्याच्या डोंगराएवढ्या राशी रचतात आणि उत्तरेची थंडी त्या राशी गोठवून महिनोन्‌महिने राखते. त्यामुळे मजुराचे काम दोन-तीन आठवड्यांत संपते आणि कारखाना सावकाश हिवाळाभर चालतो. काढणीच्या वेळी ऊन तापले किंवा कडक गोठण पडली तर काम थांबवतात, कारण तसे बीट राशीत टिकत नाही. उसाचे तसे नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटू लागते. तो दिवसभरात गव्हाणीत पडला पाहिजे. म्हणून जेवढे दिवस कारखाना चालेल तेवढे दिवस तोडणीही चालते, आणि गाडी रात्री दोनला फडावर आली तर रात्री दोनला भरावी लागते.

परंतु बँकेतल्या माणसाला याहून मोठा फरक दिसतो, तो पैशाच्या क्रमाचा. तेथे आधी काम, मग वेतन. येथे आधी उचल, मग काम. हिशोब करून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या पुढे गेला. ३६० धरू. एका कोयत्याने लाख रुपये उचल घेतली असेल तर ती फेडायला सुमारे २७८ टन ऊस तोडावा लागतो. रोजचे दोन टन धरले तर १३९ दिवस. गळीत हंगाम साधारण तेवढाच असतो! म्हणजे पट्टा पडेपर्यंत ही जोडी आधीच खर्चलेल्या पैशासाठी राबते. मध्ये एखादे दुखणे, एखादे बाळंतपण आले की खाडे पडतात, बाकी उरते, आणि ती बाकी पुढल्या दसऱ्याला मुकादमाच्या वहीत पहिल्या ओळीवर बसलेली असते. तारण म्हणून काहीही न घेता दिलेले कर्ज असे याला म्हणतात. मला ते कधीच पटले नाही. तारण आहे, ते ट्रॉलीवर बसून जाते.

अमेरिकेतली बाजू सोन्याची आहे असे मात्र कोणी समजू नये. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकात, आणि त्यावरील ऑस्कर मिळालेल्या चित्रपटातही, या फिरत्या वृद्धांची दुसरी कहाणी आहे: पेन्शन पुरत नाही, घर राखणे परवडत नाही, म्हणून गाडीत राहायला आलेली माणसे. आमचे यजमानही हौस किती आणि नाइलाज किती, हे स्पष्ट बोलले नाहीत, आणि पाहुण्याने ते विचारू नये. बारा तासांच्या पाळीनंतर त्या गृहस्थांना पायरी चढताना दाराची चौकट धरावी लागे, एवढे मी पाहिले.

तरी एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली. आठवड्याचे वेतन दोघांचे वेगळे येते, ज्याच्या त्याच्या नावाने, ज्याच्या त्याच्या तासांप्रमाणे. बाई रात्रपाळी करीत, म्हणून त्यांचे थोडे जास्त होते. हे सांगताना त्या नवऱ्याकडे पाहून हसल्या.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना सुरू झाली. तांड्यांवर जाऊन आम्ही खाती उघडली, त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियाही होत्या. पुढल्या चैत्रात त्यांतली एक पासबुक भरून घ्यायला शाखेत आली. तळहातांना उसाच्या पानांनी पडलेले चिरे अजून भरले नव्हते. पासबुकात नवी नोंद काहीच नव्हती. “साहेब, उसाचे पैसे यात नाही आले का?” मी सांगितले की ते मुकादमाच्या वहीत वळते झाले असतील. “वहीत माझं नाव कसं लिहिलंय?” या प्रश्नाला बँकेच्या परिपत्रकांत उत्तर नव्हते.

आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शासनाचे ऊसतोड कामगार महामंडळ आहे, ग्रामसेवकांकडून ओळखपत्रे देण्याचे काम निघाले आहे. ते नेटाने झाले तर बरेच होईल. आपल्या व्यापारी बांधवांना मात्र शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण उचलीतला पहिला रुपया आपल्याच गल्ल्यात येतो आणि मुकादमही आपल्याच ओट्यावर बसून चहा पितात. गेल्या दसऱ्याला एका स्नेह्याच्या पेढीवर बसून मी काही कोयत्यांना साध्या कागदावर हिशोबाची चिठ्ठी लिहून दिली: उचल किती, तारीख कोणती, टनाचा दर काय, मागील बाकी किती, आणि खाली नवऱ्याचे नाव, त्याखाली बायकोचे नाव. अकरा चिठ्ठ्या झाल्या. एका मुकादमाने चष्मा लावून वाचली आणि सही केली. दुसऱ्याने, “दोन नावं कशाला, काका? कोयता एकच आहे,” म्हणत परत केली. ती चिठ्ठी त्या बाईने घडी घालून कनवटीला लावली आणि ट्रॉलीकडे गेली.