नऊ वारांचे लुगडे

आश्विन हा शिवणटिपणाचा महिना नव्हे. आपल्याकडे गोधड्या शिवावयाच्या त्या उन्हाळ्यात. तेव्हा धुतलेले कापड कडकडीत वाळते आणि दुपारही लांबते. परंतु मला रजा मिळाली ती नवरात्रात. आईच्या जुन्या लुगड्याचे दुपटे शिवावे, असा बेत करून मी कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् येथे अक्काकडे गेले.

गोविंदपुरम् हे बोधेंद्र सरस्वतींच्या समाधीचे गाव. विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर येथे २०११ साली उभे राहिले. पण या मुलखाला मराठी नवी नाही. तंजावरास १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. अक्काचे सासर पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच. घरात मराठी बोलतात, हिशेब मात्र तमिळमध्ये करतात.

अक्काची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ दोन महिन्यांचे. आई माघात गेली. पणतीला तिने पाहिले नाही. तिचे सुती लुगडे वापरून वापरून सायीसारखे मऊ झाले होते. शेजारच्या मामींनी ते चाचपले आणि म्हणाल्या, "हे तूळीला हवे." तमिळ घरांत तान्ह्या मुलाला जुन्या सुती साडीच्या झोळीत निजवितात, ती तूळी. इकडच्या उकाड्यात गोधडी कशाला, हा मामींचा प्रश्नही खोटा नव्हता. अक्का काहीच बोलली नाही. आईच्या लुगड्याला कात्री लावणे तिच्या जिवावर आले होते. लुगडे दोन दिवस तसेच फडताळात राहिले.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नऊ वार आहे ना? सहा वार तूळीला, तीन वार तुला." कात्री तिनेच चालविली. तीन वारांची तिहेरी घडी घातली की वारभर लांबीचे दुपटे होते.

आता प्रश्न वेळेचा. सकाळ स्वयंपाकात जाई. संध्याकाळी कोलूच्या बाहुल्या पाहावयास बायका येत, त्यांना कुंकू आणि सुंडल द्यावयाचे. उरे ती जेवणानंतरची घटका. अक्का तूळीला झोका देई आणि मी धावदोरा घाली. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातील कौदी ही सारी याच कुळातली. जुन्या कापडाचे थर आणि साधा धावदोरा. आमच्याकडे कडेपासून आरंभ करून चौकोनात चौकोन घालीत मध्याकडे यावयाचे. एका दुपारी एक फेरा होई, तोही बाळ रडले नाही तर!

नवमीला तेही थांबले. तमिळनाडूत त्या दिवशी सरस्वतीपूजा आणि आयुधपूजा. पुस्तके व हत्यारे देवीपुढे मांडतात आणि दशमीच्या पूजेपर्यंत त्यांना हात लावीत नाहीत. सुई, कात्री, आणि मी बरोबर नेलेले भाषांतराचे कागदसुद्धा अक्काने उचलून कोलूपुढे ठेवले. हाताला काम नाही अशी ती एकच दुपार. त्या दुपारी तिने आईच्या शेवटच्या दिवसांविषयी विचारले. तिला वेळेवर पोहोचता आले नव्हते, आणि आठ महिन्यांत फोनवर ते बोलणे दोघींनाही जमले नव्हते. शिवताना मान खाली असते. त्या दिवशी मला तिच्याकडे पाहून सांगावे लागले. बाळ उठेपर्यंत आम्ही बोलत होतो.

एकादशीला मी निघाले. पाच फेरे झाले होते, मधला भाग मोकळाच होता. दुपटे अक्काकडे ठेवून आले. तिकडे पाऊस सुरू झाला आहे, असे तिने कालच कळविले. कपडे वाळत नाहीत, म्हणून पुरे होण्याआधीच ते दुपटे वापरात आले आहे. धुऊन वाळले की त्या दिवशी ती एक फेरा घालते.