माझी मान आणि घरातलं भांडण

मानेचं ऑपरेशन ठरलेल्या दोघीतिघींनी मला फोन करून विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

२०२२च्या श्रावणात माझ्या हातातून आमटीचा डाव पडला. त्याआधी दोन कपबश्या आणि लोणच्याची बरणी गेली होती. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारायची. आमच्या तीन पिढ्या धारवाडात गेल्या, घरात मराठी आणि दारात कन्नड. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "एनू आगंगिल्ल बिडरी," म्हणजे काही होत नाही हो, सोडा. मीही सोडलं. "मणक्यात गॅप आहे" हे तर आपल्याकडे घरटी एकाला सांगितलेलं असतंच.

तीन महिने गोळ्या, पट्टा, फिजिओथेरपी झाली. बहुतेकांना तेवढ्यानंच बरं वाटतं म्हणे. माझ्या हातातली ताकद मात्र कमीच होत गेली. एमआरआयमध्ये दिसलं की पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी झिजून मागे सरकलीय, नस दाबतेय आणि मज्जारज्जूलाही टेकलीय. चिगरी बसनं हुबळीला गेलो, सर्जनना दाखवलं. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. ती झिजलेली गादी काढून मणके एकमेकांना जोडायचे, म्हणजे फ्यूजन.

रात्री पुण्याहून लेकाचा फोन. "आई, फ्यूजन जुनं झालं. आता कृत्रिम गादी बसवतात, मान हलती राहते. पैशाचं मी बघतो." ती महाग असते, म्हणून ह्यांना वाटलं मुलगा आपल्याला चिक्कू म्हणतोय. झालं, दोघांचं जुंपलं. मला कुणीच विचारलं नाही की तुला कसली भीती वाटते.

मला भीती होती आवाजाची. तीस वर्षं आमच्या भजनी मंडळात मी गातेय. ऑपरेशन गळ्याच्या पुढून करतात हे कळल्यावर मान वळेल की नाही हा प्रश्न माझ्यापुरता मागेच पडला. पुढच्या खेपेला वही घेऊन गेले आणि आधी तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, दोन्ही ऑपरेशनांत वाट तीच. श्वासनलिका, अन्ननलिका बाजूला सारून मणक्यापर्यंत जायचं. स्वरयंत्राची नस तिथूनच जाते, ती ताणली तर आवाज बसतो. बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुटतो, क्वचित राहतो." म्हणजे घरात ज्यावरून दोन आठवडे अबोला होता, त्याचा माझ्या भीतीशी काही संबंधच नव्हता!

मग त्यांनी मान पुढे आणि मागे वाकवून काढलेले दोन एक्स-रे शेजारी लावले. बाकीचे मणके हलले होते. माझा तो सांधा दोन्हीत जवळपास तसाच, मागचे लहान सांधेही झिजलेले, त्यात हाडं ठिसूळ. अशा मानेत कृत्रिम गादी नीट काम करत नाही. आणि फ्यूजननं मान खांबासारखी होत नाही, कारण डोकं वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम सगळ्यात वरचे दोन मणकेच करतात. ह्यांनी तिथल्या तिथे लेकाला फोन लावून डॉक्टरांच्या हातात दिला.

लेकाचंही अगदी चुकलं नव्हतं. पुढून फ्यूजन करण्याची पद्धत १९५०च्या दशकातली आहे. अमेरिकेत मानेच्या कृत्रिम गादीला पहिली मान्यता २००७ साली मिळाली. तिच्यामागचं कारण खरंच आहे. दोन मणके जोडले की वरच्या-खालच्या गाद्यांवर ताण येतो. १९९९च्या एका अमेरिकन अभ्यासात फ्यूजननंतर दहा वर्षांत साधारण चौघांतल्या एकाला शेजारच्या मणक्याचा नवा त्रास होईल असा अंदाज निघाला. अर्थात त्यातला काही भाग नुसत्या वयाचाही असणार. फिजिओथेरपीच्या रांगेत मला अडतिशीतला एक बँकेतला मुलगा भेटायचा. त्याचे सांधे चांगले होते, त्याला कृत्रिम गादीच बसवली. त्याला ती शोभते, मला शोभली नसती.

ऑपरेशननंतर चार दिवस पेज आणि ताक. गिळताना घशात गोळा. आवाज असा घोगरा की नात हसायची, मी मात्र बाथरूममध्ये जाऊन हळूच 'सा' लावून बघायची आणि रडायची. पाचव्या आठवड्यात सूर लागला. वरचा षड्ज अजून पूर्वीसारखा टिकत नाही, मंडळातल्या बायका "कळत नाही हो" म्हणतात. मला कळतं.

हातात ताकद आली, पोळ्या लाटते. अंगठ्याचं टोक अजून थोडं बधिर आहे. रिक्षा चालली की मागे वळून बघताना खांदाही वळवावा लागतो, एवढंच. सहाव्या आणि सातव्या मणक्यामधली गादी तेव्हाच जराशी फुगलेली दिसली होती, म्हणून दर वर्षी एक्स-रे असतो. यंदाचा दिवाळीनंतर आहे. लेक सुट्टी काढून येणार आहे, आणि ह्या वेळी वही तोच घेणार म्हणतो.