राक्षसाच्या खोलीत

परवा रविवारी दुपारी आमच्याकडे मोठंच महाभारत घडलं. नऊ वर्षांच्या आमच्या चिरंजीवांनी धाकट्या बहिणीची चित्रांची वही फाडली. शाळेतल्या पेपरांचे गठ्ठे तपासून मी आधीच कावलेली. तोंडून निघून गेलं, "राक्षस आलाय नुसता माझ्या पोटी!" तो काही बोलला नाही. आतल्या खोलीत गेला नि दार लोटून घेतलं.

रात्री मुलं निजल्यावर 'हे' म्हणाले, "चल, जरा हसायला येईल असा सिनेमा बघू." लावला तो मेल ब्रूक्सचा 'यंग फ्रँकेन्स्टाइन', १९७४ सालचा. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'ची आणि त्यामागून आलेल्या भयपटांची ही थट्टा. सिनेमा मुद्दाम कृष्णधवल काढलेला, आणि ठिणग्या उडवणारी प्रयोगशाळेतली यंत्रंही त्या जुन्या चित्रपटातलीच! वाड्यावरच्या कारभारणीचं नुसतं नाव घेतलं की बाहेर घोडे खिंकाळतात. नोकराचं कुबड तर कधी या खांद्यावर, कधी त्या. मुलं उठू नयेत म्हणून मी तोंडाला पदर लावून हसत होते.

मग तो प्रसंग आला. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत शास्त्रज्ञ स्वतःच घडवलेल्या जिवाला पाहून पळ काढतो. इथे त्या शास्त्रज्ञाचा नातू राक्षसाच्या खोलीत एकटा शिरतो. 'मी कितीही ओरडलो तरी दार उघडू नका' असं बाहेरच्यांना बजावतो, आणि राक्षस जागा होताच 'उघडा, उघडा' म्हणून दार बडवतो! कुणी उघडत नाही. शेवटी तो वळतो, राक्षसाला 'किती देखणा तू, किती गुणी' म्हणतो, जवळ घेतो. आणि तो एवढा थोरला देह ढसाढसा रडू लागतो.

'हे' हसत होते. माझं हसू मात्र तिथेच थांबलं. दुपारचं ते लोटलेलं दार आठवलं. मीही पळच काढला होता की!

सकाळी दूध देताना मी म्हटलं, "राक्षस म्हणाले ते चुकलं हं माझं." त्यानं पेला खाली ठेवला. "मग वही कोण चिकटवणार?"

"तू नि मी."

संध्याकाळी कणकेची खळ करून तिघं बसलो. पानं वेडीवाकडीच चिकटली. मैत्रिणींनो, धाकटीची तक्रार अजून मिटलेली नाही. पण आतल्या खोलीचं दार तेवढं उघडं आहे.