परभणीचा वारा आणि मोटारसायकलीची काच

परभणी जिल्हा डोंगराळ म्हणून कोणी ओळखीत नाहीं. उत्तरेस जिंतूरकडे नेमगिरीच्या आसपास टेकड्या आहेत, दक्षिणेस गंगाखेडच्या पलीकडे बालाघाटाचे फांटे लागतात. मधली काळी जमीन मात्र गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांतून सपाट पसरली आहे. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी यांचीं शेतें, बांधावर एखादें बाभळीचें नाहीं तर कडुनिंबाचें झाड, आणि या साऱ्यावरून कोठेंहि न अडतां येणारा वारा. आगगाडींतून किंवा बंद मोटारींतून जाणाऱ्यास हा वारा कळत नाहीं, आणि म्हणून त्याला जिल्हाहि निम्माच दिसतो, असें आमचें मत आहे. मोटारसायकलीवरून जाणाऱ्यास तो पावलोपावलीं भेटतो.

चैत्र-वैशाखांत तो पश्चिमेकडून तापून येतो. मृग लागल्यावर त्याला पावसाळी जोर चढतो. त्यामुळें परभणीहून मानवतमार्गें पाथरीस जाणें म्हणजे वाऱ्याशीं समोरासमोर गांठ, आणि पोखर्णीच्या नृसिंहाचें दर्शन घेऊन गंगाखेडास जाणें म्हणजे तोच वारा वाटभर उजव्या कुशीवर घेणें. याचा हिशेब सोपा आहे. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ४० किलोमीटरला जो रेटा छातीवर बसतो त्याच्या चौपट तो ८० ला बसतो. आणि पाथरीच्या वाटेवर समोरून ताशीं ३० किलोमीटरचा वारा असला, तर ८० नें जाणारास ११० चा, म्हणजे निवांत दिवसाच्या जवळजवळ दुप्पट रेटा सोसावा लागतो.

आमचें वय आतां साठीच्या पुढें गेलें आहे, तरी आमचें स्वतःचें कांहीं अडलें नव्हतें. अडलें होतें तें आमच्या सौभाग्यवतींच्या मानेपाशीं. मानेच्या मणक्यांना बारीक हिसके सतत बसूं देऊं नका, असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें. आणि "आतां मोटार घ्या, बाबा," असा मुलांचा लकडा सुरू झाला होता. त्यांचें म्हणणें गैर नव्हतें. परंतु चारठाण्याचीं जुनीं देवळें, धारासूरचें गुप्तेश्वराचें मंदिर, मुद्गल येथील गोदावरीच्या पात्रांतलें देऊळ, हें सारें आम्हां दोघांनीं याच दुचाकीवरून पाहिलें. सकाळीं मनांत यावें आणि भाकरी बांधून निघावें, हा क्रम मोडला असता तर पुन्हां जुळता ना, हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें.

मानेला हिसका देतो तो वारा नव्हे, वाऱ्याचे भोवरे देतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. सरळ येणारी हवा नुसती रेटते. काचेच्या कांठावरून फुटलेली हवा भोवरे होऊन हेल्मेटावर आदळते व डोकें डुलवीत राहते. आमच्या गाडीची मूळची काच आखूड होती. तिच्या कांठावरून उठलेली हवा आमच्या खांद्यांवरून निसटे ती नेमकी पाठीमागच्या बैठकीवर. आणि ती बैठक चालविणाऱ्याच्या बैठकीहून उंच असते.

दिवाळीच्या सुटींत आमचा भाचा पुण्याहून एक उंच काच घेऊन आला. काच म्हणावयाची एवढेंच, वस्तु पॉलिकार्बोनेटची. ॲक्रिलिक अधिक स्वच्छ दिसतें, पण दगड उडाला तर तडकतें; पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाहीं, मात्र त्यावर ओरखडे लवकर उठतात.

अंगणांत गाडी उभी करून काम सुरू झालें. जुने बोल्ट सोडवून नवी काच चारी भोकांवर प्रथम हातानेंच बसविली, आणि मग पाना लावून आळीपाळीनें थोडे थोडे आवळले. रबरी वायसर वगळून धातूवर काच आवळली तर भोंकापासून चीर जाते. बोल्ट ढिले पडूं नयेत म्हणून आट्यांना लावण्याचें जें द्रव मिळतें, तेंहि या काचेस लागूं देऊं नये; त्यानें ती तडकते. पेट्रोलानें पुसण्याचेंहि तेंच. शेवटीं हँडल दोन्ही अंगांस पुरतें वळवून तें कोठें घासत नाहीं ना, हें पाहिलें.

भाच्याचें म्हणणें, "मामा, जितकी उंच तितकी बरी."

"कोणाला बरी? तुझ्या मामांना," ओट्यावरून उत्तर आलें.

प्रश्न योग्य होता. चालविणाऱ्यानें काचेंतून नव्हे, काचेवरून पाहावें; रात्रीं समोरून ट्रकचे दिवे आले किंवा पाऊस लागला, म्हणजे ओरखडलेल्या काचेंतून रस्ता दिसत नाहीं. म्हणून वरचा कांठ बसलेल्या माणसाच्या नाकाच्या सुमारास असावा. आमच्यापुरतें हें ठरलें. पण मागच्या माणसाचें माप अंगणांत निघत नाहीं. त्यासाठीं सौभाग्यवतींनीं विणकामाच्या लोकरीचे वीतवीत दोरे काढले. ते आमच्या खांद्यांवर व दोघांच्या हेल्मेटांवर चिकटवून आम्ही मानवतच्या रस्त्यानें निघालों. भाचा आपल्या गाडीवरून मागें राहून पाहत होता. दोरा सरळ मागें ताणलेला राहिला तर हवा शांत, फडफडला तर भोवरा.

काच सगळ्यांत उंच व उभी ठेवली तेव्हां आमचे दोरे लोंबत राहिले, जणूं घरांत बसलों आहों. आणि मागचे दोरे वेड्यासारखे फडफडले. उभ्या काचेमागें हवेचा दाब कमी होतो व भोंवतालची हवा तेथें ओढली जाते. मग दोन वायसर जादा घालून काच मागें कलती केली, तिच्या खालीं बोटभर फट ठेवली म्हणजे त्या पोकळींत थोडी हवा शिरावी, आणि कांठ दोन बोटें खालीं घेतला. तिसऱ्या खेपेस मागचे दोरे सरळ झाले. आमच्या हेल्मेटाच्या टाळूवर आतां वारा लागतो, पण तो सरळ लागतो. भाच्यास ही तडजोड पटली नाहीं. पुण्याच्या वाटेवर एकटें जाणाऱ्यास ती पटूंहि नये.

गेल्या पौषांत आम्ही धारासूरला पुन्हां जाऊन आलों. परतल्यावर मानेला शेक घ्यावा लागला नाहीं. काचेवर किडे चिकटतात. ते ओलें फडकें कांहीं वेळ ठेवून, चोळल्याशिवाय निघतात. एक गोष्ट मात्र वाढली आहे. गंगाखेडजवळ गोदावरीच्या पुलावर आडवा वारा या मोठ्या काचेस शिडासारखा धरतो, आणि पुढचें चाक किंचित् डावीकडे सरकतें. तेथें आम्ही वेग ४० वर आणतों, हँडल सैल हातानें धरतों, आणि पलीकडचा कांठ येईपर्यंत दोघेंहि बोलत नाहीं.